अंगावर पिणारे बाळ आणि आईचे ताट

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निपाणी येथे भरलेल्या माता-मेळाव्यात केलेले भाषण)



संस्थेच्या महोत्सवात शिक्षणावर, शिष्यवृत्त्यांवर, वसतिगृहावर बोलणारे वक्ते पुष्कळ आहेत. आम्हांस मात्र चालकांनी घरातला विषय दिला. अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या खाण्यातले काही बाधते की काय, असा संशय आला तर घराने काय करावे, हा तो विषय. ऐकावयास तो लहान वाटेल. पण ज्या घरात दोन महिन्यांचे मूल रात्र-रात्र रडते, त्याच्या दुपट्यावर रक्ताची रेघ दिसते, आणि सारे घर आईच्या ताटाकडे संशयाने पाहू लागते, त्या घराला तो लहान नसतो. आम्ही डॉक्टर नव्हे. आमच्या घरी हा प्रसंग येऊन गेला, त्यात आमच्या हातून चुका झाल्या, आणि जाणत्या डॉक्टरांकडून त्या सुधारून घेतल्या, एवढाच आमचा अधिकार आहे.

‘अॅलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्ना येथील डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी प्रचारात आणला. आपल्या भाषेत त्यासाठी ‘वावडे’ हा घरगुती शब्द आहे. कोणाला वांग्याचे वावडे, कोणाला मासळीचे. आयुर्वेदाने तर निव्वळ दुधावर असणाऱ्या मुलास ‘क्षीराद’ असे वेगळे नाव दिले, आणि अशा मुलाच्या दुखण्यात दूध पाजणारीच्या आहाराकडेही पाहण्यास सांगितले. तेव्हा आईच्या पोटातले बाळाला पोचते, हा विचार आपल्याकडे नवा नाही. मात्र काय पोचते आणि काय पोचत नाही, ह्याविषयी आपल्या मनात मोठा घोटाळा आहे. त्या घोटाळ्याची किंमत बाळंतिणीला मोजावी लागते.

आमची सूनबाई गडहिंग्लजकडची. पहिले बाळंतपण माहेरी झाले. नात पाच आठवड्यांची असताना तिच्या शीला शेंबडासारखी बुळबुळ आणि रक्ताचे बारीक धागे दिसू लागले. संध्याकाळ झाली की रडणे सुरू होई. विहीणबाईंनी दृष्ट काढली, आणि वांगे व बटाटा बंद केला. सूनबाई इकडे आल्यावर आम्ही हरभऱ्याची डाळ, कोबी, लसूण आणि शेंगदाण्याची चटणी बंद केली. शेजारच्या काकूंनी अंडे व मासळी बंद करावयास सांगितले, तेही केले. मग आंबट गेले, तिखट गेले. शेवटी सूनबाईच्या ताटात मऊ भात, तूप, साखर आणि खीर एवढेच उरले. जोडीला सकाळ-संध्याकाळ पेला-पेला दूध, कारण दूध प्यायल्याशिवाय दूध येणार कसे, असा आमचा सिद्धांत! रक्ताचे धागे काही थांबले नाहीत. अंगावरचे पोलके ढिले झाले, डोळ्यांखाली काळे आले. एका रात्री ताट पुढे सारून ती एवढेच म्हणाली, “आत्याबाई, मी आता काय खाऊ तेवढं तरी सांगा.”

आम्हांजवळ उत्तर नव्हते. त्याच आठवड्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी, अंगावरचे तोडा आणि डब्याचे दूध सुरू करा, असा सल्ला दिला होता, आणि तो आम्हांस जवळजवळ पटलाही होता. पण तोडण्यापूर्वी एकदा दाखवावे, म्हणून आम्ही बेळगावास एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाईंनी आईच्या ताटाविषयी काही विचारण्याआधी प्रश्न केला, “बाळाच्या तोंडात थेट काय-काय जाते?” आम्ही जरा चाचरलो. सकाळी सहाणेवर उगाळलेली गुटी जात होती, तीत वेखंड होते. मधाचे बोट होते. पोटात वात धरतो म्हणून बाजारातले एक औषधी पाणी होते. ‘सवय असावी’ म्हणून एक चमचा गाईचे दूधही मधून-मधून आम्हीच घालीत होतो. बाईंनी हे सारे त्याच दिवशी बंद करविले. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा द्यावयाचे नाही. डॉक्टरांनी सांगितलेले थेंब व औषधे तेवढी द्यावयाची. मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, कारण त्यातून क्वचित असे जंतू जातात की लहान मुलाच्या आतड्यात त्यांचे विष तयार होऊन अंग लुळे पडते. आईच्या भाजीवर आळ घेण्यापूर्वी आपल्या हातातील चमचा तपासावा, हा पहिला धडा.

दुसरा प्रश्न वजनाचा होता, आणि येथे आपल्या सीमाभागाची एक अडचण आहे. बाळंतपण माहेरी म्हणजे महाराष्ट्रात, संगोपन सासरी म्हणजे कर्नाटकात. एका वजनाची नोंद तिकडच्या मराठी कार्डावर, दुसऱ्याची इकडच्या कानडी ‘तायी कार्डा’वर. आम्ही तर माहेरचे कार्ड गडहिंग्लजलाच ठेवून आलो होतो. ते मागवून घेतले तेव्हा दिसले की जन्मतः २ किलो ९०० ग्रॅम असलेली मुलगी दहा आठवड्यांत ४ किलो ६०० ग्रॅमवर आली होती, म्हणजे दिवसाला सरासरी चोवीस-पंचवीस ग्रॅम वाढ. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास वाढ, आणि दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी, ही दूध पुरत असल्याची खूण. “मूल वाढते आहे. आपल्याला विचार करावयास सवड आहे,” असे बाई म्हणाल्या, आणि आमच्या छातीवरचा धोंडा उतरला. कार्ड कोणत्याही भाषेतले असो, आकडे सर्वांना वाचता येतात. ती दोन्ही कार्डे बाळाबरोबर फिरली पाहिजेत.

मग त्यांनी मुलीची गुदद्वाराची जागा चिरली आहे काय ते पाहिले; कुंथताना चिरली तरी रक्ताची रेघ येते. आईच्या स्तनाग्रांना भेगा आहेत काय ते विचारले, कारण भेगांतले रक्त गिळल्यानेही शीत रक्त दिसू शकते. शी तपासली, जंतूंचा दोष नाही अशी खात्री केली. आणि शेवटी आईचे ताट विचारले. आमची वर्ज्य पदार्थांची लांबलचक यादी ऐकून त्या हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी समजावून सांगितले ते आम्ही आपल्या शब्दांत सांगतो.

वांगे, कोबी, हरभरा खाल्ल्यावर आपल्या पोटात वारा धरतो, तो त्यांतील न पचलेला चोथा आणि पिष्ट आतड्यात आंबल्यामुळे. तो चोथा रक्तात जात नाही, मग दुधात कोठून जाणार? आईचा वारा बाळाच्या पोटात शिरत नाही. रक्तातून दुधात जाऊ शकतात ते प्रथिनांचे अत्यंत सूक्ष्म अंश, तेही ग्रॅमच्या अब्जांशांत मोजावे इतके थोडे. बहुतेक बाळांना त्यांचा काही उपद्रव होत नाही; उलट त्या-त्या पदार्थाची ओळख होते. थोड्या बाळांचे आतडे मात्र ह्या अंशांवर चिडते, सुजते आणि शीत रक्त व बुळबुळ दिसते. अशा बाळांत सर्वांत अधिक वेळा अपराधी ठरणारा पदार्थ कोणता? वांगे नव्हे, लसूण नव्हे. गाई-म्हशींचे दूध.

आम्ही निरपराध पदार्थ एकेक करून ताटातून काढले होते, आणि ज्याच्यावर पहिला संशय घ्यावयाचा ते दूध शुद्ध, सात्त्विक, बाळंतिणीचे म्हणून दिवसाला दोन-दोन पेले वाढीत होतो.

उपाय सोपा, पण काटेकोर होता. एकच संशयित धरावयाचा. दूध आणि दुधाचे सर्व प्रकार दोन ते चार आठवडे पूर्ण बंद, बाकीचे सारे अन्न पुन्हा सुरू. त्याच दिवशी सूनबाईने भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी पोटभर खाल्ली.

पहिला आठवडा झाला तरी फरक पडेना. बाईंनी फोनवर विचारले, “चहा घेता का?” घेत होती, दिवसातून तीनदा! आमच्या हिशेबी चहा म्हणजे दूध नव्हेच. शिवाय बाळ बघावयास आलेल्या पाहुण्यांनी बेळगावचा कुंदा आणला होता, त्यातला घासभर तोंडात घातला होता. कुंदा म्हणजे आटवलेले दूधच की! तेव्हा लक्षात ठेवावे : दही, ताक, लोणी, खवा, पनीर, पेढे, दुधाचा चहा हे सर्व दूधच, दुधाची पावडर घातलेली बिस्किटे आणि पाव तेही त्यातच. तुपातही दुधातील प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून परीक्षेपुरते तेही बंद. गाईचे बाधते म्हणून म्हशीचे किंवा शेळीचे घ्यावे, तर तेही उपयोगाचे नाही. ह्या दुधांतील प्रथिने एकमेकांसारखीच असल्यामुळे एकाचे वावडे असले की बहुधा दुसऱ्याचेही असते. दुधातील साखर काढून टाकलेले महाग दूध बाजारात मिळते, त्याचाही येथे संबंध नाही. वावडे साखरेचे नसून प्रथिनांचे असते, आणि आईच्या दुधातील साखर आईच्या शरीरातच तयार होते, तिने काहीही खाल्ले तरी ती असतेच.

चहा कोरा झाला आणि दहाव्या-बाराव्या दिवशी दुपटे स्वच्छ निघाले. आम्हांस वाटले, संपले. पण बाई म्हणाल्या, “अर्धेच झाले. आता पुन्हा दूध घ्या.” ही गोष्ट आमच्या जिवावर आली. पण तिच्यात मोठा अर्थ आहे. अशा पुष्कळ तक्रारी आपोआपच बऱ्या होतात. दूध सोडल्यामुळे बरे वाटले की दिवस गेल्यामुळे, हे परत घेऊन पाहिल्याखेरीज कळत नाही. आणि न कळता सोडले तर आई वर्षभर विनाकारण उपाशी राहते. सूनबाईने दूध सुरू केले. तिसऱ्या दिवशी धागे परत दिसले. तेव्हा कोठे निदान पक्के झाले. मात्र ही परतीची परीक्षा डॉक्टरांना विचारूनच करावी. ज्या बाळाला खाल्ल्याबरोबर अंगावर गांध्या उठतात, ओठ सुजतात, किंवा ज्याला जबर खरूजेसारखा इसब आहे, त्याची परीक्षा घरी करावयाची नाही.

पुढे सूनबाई दुधाविना राहिली आणि मुलीला अंगावर पाजीत राहिली. मुलगी अकरा महिन्यांची झाल्यावर डॉक्टरांच्या सांगण्यावरून थोडे-थोडे दूध परत आणले. काही झाले नाही. आज ती ताटलीभर दहीभात खाते. बहुतेक मुलांचे हे वावडे असेच वर्षाच्या आगेमागे सुटते.

आता दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाही तर ह्या भाषणानंतर घरोघरी बाळंतिणींचे दूध बंद व्हावयाचे! आमच्या घरी वावडे निघाले, पण ते विरळ आहे. युरोपातील नऊ देशांत सुमारे बारा हजार बाळांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. नीट परीक्षा करून पाहता दुधाचे वावडे दोनशे बाळांत एखाद्यालाच निघाले. आपल्या कर्नाटकातही बंगळूर व म्हैसूर येथील प्रौढांची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली आहे. तीत शंभरांत सव्वीसांहून अधिक लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नाविरुद्ध प्रतिद्रव्ये सापडली. पण ज्यांना खरोखर त्रास होतो असे म्हणता येईल ते शंभरांत एकाच्या थोडे वर. ह्याचा अर्थ असा की रक्ताच्या तपासणीत पन्नास पदार्थांपुढे खुणा आल्या म्हणून पन्नास पदार्थ सोडावयाचे नसतात. शिवाय आमच्या नातीसारख्या, केवळ आतड्यापुरत्या वावड्यात ही रक्तपरीक्षा बहुधा काहीच दाखवीत नाही.

अंगावर पिणारे मूल दिवसातून आठ-दहा वेळा शी करील किंवा आठवड्यातून एकदा. मऊ असली तर दोन्ही ठीक. शी कधी हिरवट होते. प्यायल्यावर घोटभर दूध ओठांवरून येते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून संध्याकाळचे रडणे वाढते, सहाव्या आठवड्याच्या सुमारास कळसास पोचते आणि तीन-चार महिन्यांत उतरते. ह्यांपैकी काहीही एकटे असले तर ते वावडे नव्हे. त्यावर औषध म्हणजे खांद्यावर घेणे, येरझारा घालणे, आणि आईला तासभर झोपू देणे. हे काम आजोबांनाही जमते.

आणि आपल्या निपाणीला एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढे जाता येत नाही. ह्या गावाच्या कैक घरांची चूल तंबाखूवर पेटत आली आहे. सुपात पाने घेऊन विड्या वळणारी आई आणि मांडीवर पिणारे मूल हे दृश्य आम्हां सर्वांच्या ओळखीचे. पुष्कळ बायकांना मिश्रीची सवय आहे. तंबाखूतील निकोटीन आईच्या दुधात उतरते आणि बाळाची झोप व चित्त बिघडवते. तेव्हा मूल किरकिरते म्हणून शेंगदाणा सोडणाऱ्या आईने आधी मिश्री सोडावी. कामावरून उठल्यावर हात धुऊन, लुगडे बदलून मग बाळाला घ्यावे. तंबाखूची पोती आणि पाळणा एका खोलीत ठेवू नयेत. मिश्री एकदम सुटली नाही तरी अंगावरचे तोडू नये. पाजण्याच्या लगेच आधी तरी लावू नये.

काही खुणा मात्र घरी बसून पाहावयाच्या नसतात. खाल्ल्या-प्यायल्याबरोबर अंगावर गांध्या, ओठ-डोळे सुजणे, घरघर लागणे, हिरवी ओकारी, थांबून-थांबून किंचाळणे, गळून जाणे आणि जांभळाच्या रसासारखी रक्ताळ शी, तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप, पिणे सोडणे, लघवी कमी होणे, वजन न वाढणे. अशा वेळी अंगारा, डाग देणे, गुटी, काही नको. १०८ क्रमांक कर्नाटकात चालतो आणि महाराष्ट्रातही चालतो. जे रुग्णालय जवळ असेल ते गाठावे. बेळगाव की कोल्हापूर हा वाद त्या वेळी घालू नये.

आईचे दूध बंद केले की तिच्या ताटात त्याच्या जागी काही आले पाहिजे. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे आपल्या देशाच्या २०२० सालच्या आहारविषयक शिफारशींत सांगितले आहे. दर शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम मिळते. नाचणीची भाकरी, ताकाऐवजी मीठ-जिरे घातलेली आंबील, तिळाची चटणी, हुलग्याचे माडगे, राजगिऱ्याची पालेभाजी ही सारी आपल्या भागातलीच. सरकारी आरोग्य केंद्रातून बाळंतपणानंतर सहा महिने कॅल्शियमच्या गोळ्या देण्याची व्यवस्था आहे, ती वापरावी. लोहाची गोळी आणि ही गोळी एका वेळी घेऊ नये. डाळ, उसळ, चालत असेल त्या घरी अंडे, मटण, मासळी, हे भरपूर असावे. दूध प्यायल्याने दूध येते असे नाही. ते येते बाळाच्या ओढण्याने, आणि आईच्या पोटभर जेवणाने व विसाव्याने.

डब्याच्या दुधाविषयी थोडे. नेहमीचे डब्याचे दूध हे गाईच्या दुधापासूनच केलेले असते. म्हणजे ज्याचा अब्जांश बाधतो म्हणून आईला सोडावयास लावायचे, तेच थेट बाटलीने पाजावयाचे! आम्ही हे करावयास निघालो होतो. वावड्याच्या मुलांसाठी वेगळी दुधे असतात, ती फार महाग असतात, आणि आईचे दूध असताना त्यांची गरज क्वचितच पडते. १९९२ सालच्या कायद्याने आपल्या देशात अशा डब्यांच्या जाहिरातींस बंदी आहे, ती उगीच नव्हे.

सहा महिने पूर्ण झाल्यावर वरचे अन्न सुरू करताना भिऊन शेंगदाणा, अंडे लांबणीवर टाकू नये. लंडन येथे ६४० बाळांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ज्यांना शेंगदाणा लवकर दिला त्यांच्यात त्याचे वावडे पुष्कळच कमी आढळले. शेंगदाणा अखंड मात्र देऊ नये, तो घशात अडकतो. बारीक कूट करून पेजेत कालवावा. ज्या मुलाला जबर इसब आहे किंवा आधीच एखादे वावडे आहे, त्याच्या बाबतीत डॉक्टरांना विचारून करावे.

भगिनींनो, येथे सासवा, आज्या, विहिणी पुष्कळ आहेत, आणि आमचे शेवटचे मागणे तुमच्यापाशी आहे. बाळंतिणीच्या ताटातला पदार्थ काढण्याचा अधिकार आपल्या घरांत आपल्याकडे असतो, आणि तो आपण मायेनेच वापरतो. पण आम्ही मायेने एका मुलीला दोन महिने अर्धपोटी ठेवले, हे आज ह्या सभेत कबूल करतो. यापुढे एखादा पदार्थ काढलाच, तर डॉक्टरांना विचारून, एका वेळी एकच काढावा. त्याची तारीख कार्डाच्या मागे लिहावी. तो परत कधी वाढावयाचा तेही त्याच दिवशी ठरवावे. आणि काढलेल्याच्या जागी दुसरे काय वाढले, ते सुनेला आधी सांगावे.